आधी काय, मग काय?

परवा माझा भाचा गिटारची पेडले जमिनीवर मांडीत बसला होता. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या वाटोळ्या 'फझ फेस'च्या घाटाचे एक, दुसरे एकोचे. "मामा, फझ आधी, एको मागून," तो म्हणाला.

"उलट केले तर?"

त्याने वाजवूनच दाखवले. फझ स्वरलहरींची शिखरे छाटते, सूर भडकतो. मागून एको आला, तर तो भडकलेला सूर पडसादांतून हळूहळू विरतो. एको आधी ठेवला, की मूळ सूर नि त्याचे पडसाद एकदमच छाटणीत सापडतात. नुसता कालवा!

मला धाकट्या भावाला लिहिलेले पत्र आठवले. घराच्या वाटणीवरून लिहिले होते. आधी बाळपणीच्या साऱ्या आठवणी काढल्या, मग रागावलो. त्या रागाने आठवणीही छाटल्या. विहिरीवरच्या पोहण्याची गोष्टसुद्धा त्याला टोमणा वाटली. शब्द तर सगळे खरे होते. खऱ्या गोष्टी चुकीच्या क्रमाने सांगणे, हा खोटेपणाच नव्हे काय? मला तसे वाटू लागले आहे. मुद्दाम उलटा क्रम लावणारे वादकही असतात म्हणे. पण त्यांना तो कालवाच हवा असतो. मला नको होता.

भाच्याने तारा उपसून पुन्हा जोडल्या. मी कागद मागितला.

"थांबा हो मामा, हे आधी होऊ दे!"