मापाचा आकडा आणि पायाची रुंदी

जोडा पायाला आवळू लागला की मागावे काय, पुढचा लांब आकडा की त्याच आकड्याचा रुंद जोडा? दुकानातल्या बाकावर सुटावा इतका हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु दुसऱ्याची उणीव आपण कोणत्या मापाने मोजतो, हा त्याच्या पोटात दडलेला प्रश्न तितका क्षुल्लक नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

निमित्त घडले ते वडिलांच्या बुटांचे. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाण्यासाठी त्यांना बूट हवे होते. बेळगावातल्या एका दुकानात सात नंबर बोटांजवळ दाबू लागला, म्हणून मी आठ नंबर घेतला. ते दोन पावले चालले आणि "बरे आहेत" म्हणाले. त्या "बरे"मधली तडजोड मला ऐकू आली नाही. पुढे पावसाळ्यात घराच्या पायरीला बुटाचे रिकामे टोक अडकून ते पडले, मनगट मोडले. तेव्हा कळले, की टाच सुटते म्हणून कित्येक महिने ते आत कापूस कोंबून चालत होते. मुलाने प्रेमाने आणलेल्या वस्तूत खोट कशी काढावी, म्हणून बोलले नव्हते.

नंतर आम्ही निपाणीला एका वृद्ध कारागिराकडे कोल्हापुरी चप्पल करून घ्यायला गेलो. त्यांनी नंबर विचारलाच नाही. वडिलांना कागदावर उभे केले, पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढली, चवड्याला दोरा गुंडाळला आणि म्हणाले, "गुरुजी, पाय लांब न्हाई तुमचा, रुंद हाय."

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. आपल्याकडे रूढ असलेली नंबरांची पद्धत इंग्रजांच्या काळात आली. तिच्यात एका नंबरामागे लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढते; रुंदीसाठी काही देशांत वेगळी अक्षरे असतात, पण आपल्या बाजारात ती क्वचितच विचारली जातात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली, तेव्हा भारतीयांचे पाऊल युरोपीयांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे आणि त्यामुळे अनेकजण गरजेपेक्षा लांब पादत्राणे वापरत असल्याचे दिसून आले. लांब नंबर घेतला की रुंदीही थोडीशी मिळते, म्हणून आपली फसगत होते. परंतु जोड्याचा सर्वांत रुंद भाग चवड्याखाली यावा लागतो, कारण पाऊल तिथेच वाकते. लांब जोड्यात ती जागा पुढे सरकते. टाच सुटते आणि बोटे पकड शोधत राहतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की वाढत्या मुलाला आपण जाणूनबुजून मोठा जोडा घेतोच ना? घेतो, आणि ते योग्यही आहे. कारण ती जागा उद्याच्या वाढीसाठी राखलेली असते. वडिलांचे पाऊल मात्र वाढायचे राहिले नव्हते. ते जसे होते तसे मावावे, एवढेच त्याचे मागणे होते. दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा. प्रत्येक नंबर तीन रुंदींत ठेवायचा म्हटले तर माल तिप्पट होतो, आणि त्याचा भार शेवटी गिऱ्हाइकावरच पडतो. हे खरे आहे. नाइलाजाने लांब जोडा घ्यावा लागला तर त्यात पाप नाही. मात्र नाइलाजाला "माप" म्हणू नये. तसे म्हटले की दुखणाऱ्याला तक्रारीची जागाच उरत नाही, दोष पायाकडे जातो.

आपण जुनी मराठी घराणी या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलो. घरात मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड, नोकरीसाठी इंग्रजी, असा आपल्या मुलांचा दिवस असतो. मूल अभ्यासात मागे पडले की आपण शिकवणीचा एक तास वाढवतो. म्हणजे लांबी वाढवतो. त्याला कदाचित हवी असते रुंदी: न समजलेले घरच्या भाषेत विचारण्याची मुभा, आणि शेजारच्या कन्नड मुलाकडून न लाजता शिकण्याची मोकळीक. जे सहज देता येते तेच अधिक देणे म्हणजे औदार्य, असा आपला समज असतो. घेणाऱ्याला ते कोणत्या बाजूने टोचते आहे, हे विचारण्याचा वेळ मात्र आपण देत नाही.

1956 मध्ये राज्यांची रेघ ओढली गेली, तिचे दुःख येथे अजून निवलेले नाही. तरीही 2019 साली जाहीर झालेल्या कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्यासह बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही सामावले आहेत. त्याने रेघ पुसली नाही. वादही मिटला नाही. परंतु कारागिरी जिथवर पसरली होती, तिथवर मानांकनही रुंदावले.

नवी चप्पल वडिलांना पहिले आठ दिवस चावली. कारागिराने तेल लावायला सांगितले होते. हळूहळू कातडे सैल झाले. आता ते रोज फिरून येतात. मी विचारतो, "कुठे लागत नाही ना?" आणि त्यांचे "बरे आहे" ऐकूनही एकदा पायाकडे पाहून घेतो.