कामात मन केव्हा लागते?



‘हे लोक कामचुकार’ हा शिक्का आपल्या बापजाद्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. आज आपल्यापैकीच काहीजण साहेबाच्या खुर्चीवर बसून हाताखालच्या माणसाविषयी तेच बोलू लागले आहेत. म्हणून माणूस कामात जीव केव्हा ओततो आणि अंग केव्हा चोरतो, याचा आपण धम्माच्या प्रकाशात विचार करू.

महारकी आठवा. १८७४ च्या वतन कायद्याखाली राबणाऱ्याला रात्री-अपरात्री हाक येई. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. मोबदला काय, तर तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागावे लागणारे बलुते! असल्या कामात कोणाचे मन रमेल? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पण ही वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

शहरातही तेच. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार अधिक. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्याचे दार बंद! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा अन्याय वेशीवर टांगला. कितीही घाम गाळला तरी पुढची वाट जन्मानेच अडवलेली असेल, तर माणूस उमेद कोठून आणणार? जातीने गळ्यात बांधलेल्या धंद्यात माणसाचे मन नसते, बुद्धी नसते. मग कार्यक्षमता तरी कशी येणार, हेच त्यांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त दाखवून दिले.

आता तथागतांकडे वळू. राजगृह येथे सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला भगवंतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. काम ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात शुश्रूषा करावी. घरात गोडधोड झाले तर त्यातला वाटा द्यावा. वेळेवर सुटी द्यावी. नीट पाहा, वेतन यात आहेच. पगार बुडवून गोड बोलणे हा धम्म नव्हे. परंतु वेतनावर भगवंत थांबले नाहीत. उरलेल्या गोष्टींतून कामगाराला कळते की, येथे मला माणूस समजतात. मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्याचे पाऊल उचलले आणि १९४६ साली तसा कायदा झाला. त्यामागेही हीच माणुसकी होती.

याच सुत्तात सेवकाचीही पाच कर्तव्ये आहेत. दिलेले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, ही त्यांतली दोन. तेव्हा कचेरीत लाच घेणारा आणि वर्गात पाट्या टाकणारा शिक्षक सम्यक आजीविका पाळतो, असे म्हणता येणार नाही. वेठ संपली, आता आपले काम हे आपले शील आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येकाने स्वतःला विचारावे: घरी भांडी घासणाऱ्या बाईंना मी आजारपणाची रजा पगारासह देतो काय? शिपायाला अहो-जाहो म्हणतो काय? चहा त्याच कपात देतो काय? जे आपल्या वाट्याला आले, ते आपल्या हातून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. दीक्षेचा अर्थ याहून वेगळा नाही.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!