येथे जुने करून मिळेल

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हाला घसारा शिकवला. दहा हजारांचं यंत्र घेतलं, दरसाल दहा टक्के घसारा धरला, तर पाच वर्षांनी वहीत किंमत किती उरली? सरळ पद्धतीनं ५,००० रुपये, घटत्या शिलकीच्या पद्धतीनं ५,९०५. या दोन पद्धतींचं आपसात कधी जमलं नाही, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं: वस्तू जुनी झाली की किंमत उतरते. पुढे बँकेत चिकटलो, तर तिथंही हाच धर्म. चेक तीन महिन्यांचा झाला की शिळा. २०१२ पर्यंत त्याला सहा महिन्यांचं आयुष्य होतं, तेही निम्म्यावर आलं. नोट मळली की रिझर्व्ह बँकेकडे जाते, तिथं तिचे बारीक तुकडे होतात आणि ते दाबून त्यांच्या विटा पाडतात. माणूस जुना झाला तर मात्र बँक ठेवीवर अर्धा टक्का व्याज जास्त देते. तेवढा एक अपवाद सोडला तर आमच्या धंद्यात जुनेपणाला भाव नाही.

बाहेर मात्र सगळं उलटं चाललं आहे. तिथं नव्याला कुणी विचारत नाही आणि जुनं पुरत नाही. आणि जुनं पुरत नाही म्हणून लोक नव्याचं जुनं करायला लागले आहेत.

आमच्या घरापासून सुरुवात करतो. आमच्या हिला कागदकामाचा छंद आहे. ती दुकानातून शुभ्र कोरा जाड कागद आणते आणि तो चहात बुडवते. साधासुधा चहा नव्हे, चांगला कडक, बिनदुधाचा. मग कागद वाळवायचा, कडा मेणबत्तीवर किंचित जाळायच्या, एका कोपऱ्याला सुरकुती पाडायची, वर बोरूनं लिहायचं आणि लाखेचा शिक्का मारायचा. असं पत्र हातात आलं की पेशव्यांनी आपल्याला तातडीनं बोलावलं आहे असं वाटतं. आत बघावं तर शेजारच्या बंडूचा वाढदिवस.

दुसरा आमचा मेहुणा. हा हौशी नाटकवाला. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं, हे त्याचं वार्षिक व्रत. त्याच्याकडे नेपथ्य असतं. गेल्या खेपेला त्यांनी एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घेतलं. पडत चाललेला वाडा उभा करायचा होता. पडत चाललेली गोष्ट उभी करणं सोपं नाही. नवं कोरं प्लायवूड आणलं, त्यावर गोणपाट चिकटवलं, भुसा आणि खळ लावून पोपडे काढले, दिव्याच्या वर काजळी धरली. भिंतीला ओल कशी येते याचा अभ्यास करायला तो खास आमच्याकडे आला आणि न्हाणीघराच्या भिंतीसमोर अर्धा तास उभा राहिला. जाताना म्हणाला, “भावोजी, काय सुंदर ओल आहे हो तुमच्याकडे!” आमच्या सोसायटीविषयी इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

तिसरे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. हे प्रवासाला जातात ते जुन्या वस्तू आणायला. त्यांच्या दिवाणखान्यात पितळी दुर्बीण आहे, तिच्यावर ‘लंडन १९१७’ असं कोरलेलं आहे. कर्णा असलेला ग्रामोफोन आहे. होकायंत्र आहे, त्यात उत्तर स्वयंपाकघराकडे दाखवते, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. आता अशा दुर्बिणी रुरकीत आणि पितळेच्या असल्या वस्तू मुरादाबादेत आजही ढिगानं तयार होतात. काका ते ऐकून घेतात आणि दुर्बिणीवरून मऊ फडका फिरवतात.

तर प्रश्न असा, की हे तिघे खोटं बोलतात का? नवी वस्तू मुद्दाम जुनी करणं ही लबाडी आहे की कला? प्रश्न हलका वाटतो. पण मी रोज खिडकीवर नोटा उजेडात धरून बघणारा माणूस आहे. खरं-खोटं हा माझ्यापुरता पोटापाण्याचा प्रश्न आहे. खोटी नोट मी घेतली तर पगारातून जाते.

सरकारनं जुनेपणाची व्याख्या केली आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू. महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर पंच्याहत्तर पुरतात. माणूस मात्र साठीलाच ज्येष्ठ. म्हणजे घागर, पोथी आणि माणूस यांत माणूस सगळ्यांत लवकर जुना होतो आणि त्याला भाव सगळ्यांत कमी येतो. पण या कायद्यानं काकांची दुर्बीण मोडीत निघते एवढंच कळतं. काका गुन्हेगार आहेत की नाहीत हे कळत नाही.

मेहुण्याचा निकाल सोपा आहे. त्याचा वाडा खोटा आहे हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तिकीट काढतानाच प्रेक्षक म्हणतो, की बाबा, मला दोन तास फसव. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढण्याच्या आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. कापडावर रंगवलेल्या राजवाड्याकडे बघून आमच्या आजोबा-पणजोबांनी टाळ्या वाजवल्या. महसूल खात्यात जाऊन त्या राजवाड्याचा सातबारा कुणी मागितला नाही. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेलं खोटं हे खोटं नसतं, तो करार असतो.

याच्या उलट टोकाला हान व्हान मेगरेन नावाचा डच चित्रकार. यानं सतराव्या शतकातल्या व्हर्मीरच्या नावानं स्वतः चित्रं काढली. रंगात बेकलाइट मिसळायचं, चित्र भट्टीत भाजायचं, गुंडाळून भेगा पाडायच्या. तीनशे वर्षांचं काम काही तासांत. १९३७ साली त्याचं एक चित्र त्या काळच्या सर्वांत मोठ्या जाणकारानं डोक्यावर घेतलं आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात जाऊन बसलं. पुढे त्याचा आणखी एक ‘व्हर्मीर’ नाझी गोअरिंगकडे सापडला. देशाचा ठेवा शत्रूला विकला म्हणून १९४५ साली याला पकडलं, तेव्हा जीव वाचवायला त्याला सांगावं लागलं, की अहो, ठेवा कसला, ते मीच काढलंय! आणि कुणाचा विश्वास बसेना, म्हणून पहाऱ्यात बसून आणखी एक काढून दाखवावं लागलं. आपलं खोटं खोटं आहे हे पटवण्यासाठी इतकी मेहनत घेणारा दुसरा खातेदार माझ्या ऐकण्यात नाही. त्याच्यात आणि मेहुण्यात कौशल्याचा फरक असेल, पण खरा फरक तिकिटाचा. मेगरेनच्या प्रेक्षकाला आपण नाटकाला आलोय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इथवर हिशेब जुळला. पण एका आजींनी तो विस्कटला.

आजी खिडकीवर आल्या त्या मुदतठेव मोडायला. मुदत पुरी व्हायला थोडेच दिवस होते, म्हणून मी कारण विचारलं. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून पुडी, पुडीतून एक तांब्याचं नाणं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल. फोनवरून कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की याचे लाखो रुपये येतील; फक्त आधी नोंदणीची फी भरायची. कागद रिझर्व्ह बँकेच्या नावाचा. आता रिझर्व्ह बँक असले व्यवहार करत नाही आणि असली फी घेत नाही, हे तिनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे. आणि कंपनीनं रामदरबाराचं असं नाणं कधी पाडलंच नाही. ही नाणी कुणीतरी नंतर बनवून बाजारात सोडली आहेत. मी हे आजींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे सासूबाईंनी मला खोटं दिलं?”

ते नाणं त्यांच्या देवघरात पन्नास वर्षं होतं. त्यांच्या सासूबाईंनी ते दिलं होतं. रोज सकाळी पाण्यानं धुतलं, गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं. सीता तर पार झिजून गेली होती. माझ्या मागे रांग वाढत होती आणि हेड कॅशियर चष्म्यावरून बघत होते. मी म्हणालो, “आजी, नाणं म्हणून खोटं आहे. देव म्हणून मला कसं सांगता येईल? पण ही झीज खरी आहे. ती तुमच्या हातांनी झाली आहे.” आजींनी नाणं पुन्हा पुडीत, पुडी रुमालात, रुमाल पिशवीत ठेवला आणि मुदतठेवीची पावतीही उचलली. त्यांची रक्कम वाचली. पण मला तेव्हापासून एक गोष्ट छळते आहे. जन्मतः खोटी असलेली वस्तू पन्नास वर्षं कुणी खरी म्हणून सांभाळली, तर तिचं जुनेपण खोटं कसं म्हणायचं? आणि लाखांचं आमिष दाखवणाऱ्या त्या हरामखोरानं पैशांपेक्षाही मोठं काही लुटायला घेतलं होतं, ते कोणत्या कलमाखाली बसवायचं?

मला वाटतं, जुनेपण म्हणजे साल नव्हे. कुणीतरी ती वस्तू वापरली, पुसली, जपली, त्यावरून भांडलं, त्याची ती शिल्लक. ती विकत मिळत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी सारं आयुष्य घालून हजारो वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, वाद्यं, सगळी लोकांच्या घरात वापरलेली. पण ‘ही माझ्या पणजोबांची’ असं त्यांनी एकाही अडकित्त्याबद्दल सांगितलं नाही. वस्तू लोकांच्या, नाव मुलाचं आणि कष्ट स्वतःचे, ताळेबंद स्वच्छ.

आता मुंबईच्या चोरबाजारात जुने फोटो मिळतात. नऊवारीतली बाई, पगडीतले गृहस्थ, मध्ये टेबलावर फुलदाणी. लोक ते घेतात आणि उपाहारगृहात, दिवाणखान्यात टांगतात. कुणाच्या तरी आजी दुसऱ्याच्या बिलाकडे बघत बसतात. त्या आजी बाजारात आल्या कशा, तर त्यांच्या नातवंडांनी माळा साफ केला. गंमत अशी, की ज्यांनी स्वतःचा पाण्याचा बंब किलोच्या भावानं मोडीत घातला, तेच दसपट देऊन दुसऱ्याचा बंब आणतात आणि त्यात मनीप्लँट लावतात. माझ्या ओळखीच्या एका घरी दिवाणखाना जुन्या पद्धतीचा सजवला. तिथं वडिलांची आरामखुर्ची बसेना, कारण ती खरोखरच जुनी होती. ती गॅलरीत गेली. वडील अर्थातच खुर्चीबरोबर गेले. इथं फसवलं कुणाला? गिऱ्हाइकाला नाही, सरकारला नाही. तरीही मला मेगरेनपेक्षा हेच प्रकरण जड वाटतं.

मग नव्यानं जुनं काही करूच नये का? तसं नाही. जपानात इसे इथलं देवस्थान आहे. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तंतोतंत तसंच नवं उभारतात आणि मग आधीचं उतरवतात. अलीकडे २०१३ साली केलं, आता २०३३ साली करतील. लाकूड नवं, पण सांधे जोडण्याची विद्या शेकडो वर्षांची, एका पिढीनं दुसरीच्या हातात दिलेली. तिथं कुणी लाकूड चहात बुडवत नाही. आपल्याकडेही चिंध्यांपासून केलेला हातकागद होता. पेशवे दफ्तरातले कागद अजून टिकून आहेत. पिवळा पडून कुरकुरतो तो यंत्रावरचा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. म्हणजे चहा ओतून आपण नक्कल करतो ती जुन्यांच्या गुणाची नव्हे, दोषाची. दौलताबादेजवळ कागजीपुऱ्यात आजही हातकागद बनतो. तो नवा असतो, पांढरा असतो, आणि तरी चहातल्या कागदापेक्षा जास्त जुना असतो.

हे सगळं मी घरी हिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, मी कुठं पेशव्यांची सही ठोकते? मागे माझं नाव नि तारीख असते.” ती खरोखरच असते. हिशेबनिसाला आणखी काय हवं? मी वाद तिथंच मिटवला.

परवा माझ्या आईची पंच्याहत्तरी झाली. हस्तलिखित असती तर कायद्यानं पुरावस्तूच्या यादीत जायची. त्या समारंभाची निमंत्रणं हिनं मोठ्या हौसेनं केली. चहाचा रंग, जळक्या कडा, लाल लाख, सगळं सुरेख. पहिली पत्रिका आईच्या हातात दिली. आईनं ती चष्मा लावून खालीवर पाहिली, कडांवरून बोट फिरवलं आणि काळजीनं म्हणाली, “काय गं, चहा सांडला वाटतं? आणि निरांजनाजवळ कशाला ठेवलीस? असू दे, दुसरी कोरी असेल तर ती दे.”