शेजारती झाल्यावर

वारकरी बंधुभगिनींनो, परीक्षा जवळ आली की घरोघरी एक निराळेच जागरण सुरू होते. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. मागच्या परीक्षेत त्याच्या खोलीवर गेलो, तो डोळे लाल, हात थरथरताहेत, उशाशी चहाचे चार पेले. म्हणाला, "मामा, तुम्ही एकादशीला रात्रभर जागता तर देव पावतो. मग मी तीन रात्री जागलो, तर पेपर का पावू नये?"

प्रश्नाने मी अडलो. जागराचा महिमा आम्हीच सांगायचा आणि पोराला मात्र नीज म्हणायचे, हे कसे?

तर मंडळी, उत्तर पंढरीतच आहे. राउळात पहाटे काकडा, रात्री शेजारती. अवघ्या जगाचा भार वाहणारा पांडुरंग, पण त्यालाही आपण निजवतो. आषाढीची गर्दी लोटली की देवाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात आणि देव अहोरात्र भक्तांसाठी उभा राहतो. खरे. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा उतरवतात, शेजारतीला काढा देतात, पलंग पुन्हा येतो. जागराला शेवट असतो. एकादशीला द्वादशीचे पारणे असते. आणि जागरात आपण मुखी असलेले नाम घेतो. दुसऱ्या दिवशी गणित सोडवायचे नसते!

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगून ठेवले आहे, की फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा फार जागणाऱ्यालाही नाही. शास्त्रही तेच बोलते. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरे पाठ करून घेतली. पाठांतरावर झोप मिळाली तेव्हा त्यांना अधिक आठवले, जागे राहिले तेव्हा कमी. दिवसा वेचलेले मेंदू झोपेत बांधून ठेवतो. तरुणाला सात ते नऊ तास झोप हवी. चहाकॉफीने थकवा जात नाही, नुसता झाकला जातो. संध्याकाळी घेतलेली कॉफी मध्यरात्रीही अंगात असते.

हे सारे ऐकून पोरगा गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "मामा, बाबांनी रान गहाण टाकलंय. नापास झालो तर घरी तोंड कसं दाखवू?"

बंधूंनो, झोप त्या भीतीने नेली होती. मी तिथूनच भावोजींना फोन लावला. ते एवढेच म्हणाले, "अरे, रान सोडवता येईल. तू नीट घरी ये." पोरगा ढसढसा रडला आणि त्या रात्री निजला. पुढे एक विषय राहिला. तो त्याने पुन्हा दिला आणि काढला.

म्हणून आईबापांनो, परीक्षेआधी हे वाक्य मुलाच्या कानी घाला. झोप कित्येक दिवस येत नसेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे निघाले, तर अंगारा लावून थांबू नका; डॉक्टरकडे न्या. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, वारीत मुक्काम चुकवून कोणी पंढरी लवकर गाठत नाही. रात्री पुस्तक मिटा, दिवसाचे ओझे विठोबाच्या पायी ठेवा, निजा. पहाटे काकड्याला उठून पुन्हा उघडा. रामकृष्णहरि!