गोफण

केज तालुक्यातल्या नांदूरघाटला एक मुलगा होता. अंगानं दणकट. संध्याकाळी फक्कीच्या रेघा मारून, पाच फुटांवर जाळी बांधून पोरं बॅडमिंटन खेळत. फूल उंच आलं की तो दातओठ खाऊन स्मॅश मारी. फूल जाळीत जाई, नाहीतर रेघेबाहेर. रात्री खांदा ठणकत राही.

शिकवणारे सर म्हणत, "नुसतं मनगट मोडू नको. कोपर वर ने, मग कोपरापुढचा हात फिरव." त्याला ते कळे. हाताला कळत नसे.

थंडीत ज्वारी हुरड्यात आली. सुट्टीच्या दिवशी तो आजोबांबरोबर राखणीला गेला. आबांनी माळ्यावर उभं राहून गोफणीत ढेकूळ घातलं, एक फेरा दिला आणि सोडलं. पार बांधाजवळ पाखरांचा थवा उठला. आबांचे दंड तर काटकुळे.

नातवानं गोफण घेतली, मूठ आवळली, सगळा जीव लावून फिरवली. ढेकूळ माळ्याखालीच पडलं.

"आबा, एवढा जोर कुठून आणता?"

"जोर कशाचा? तू फेऱ्याआधीच सगळा खर्चून बसतूस. हात सैल सोड. शेवटाला तेवढा झटका."

मुलानं खिशातलं फूल काढून दाखवलं. सोळा पिसं, वजन जेमतेम पाच ग्रॅम. आबांनी ते तळहातावर तोललं आणि हसले. "ह्याच्यासाठी दातओठ खातूस व्हय?"

संध्याकाळी त्यानं रॅकेट कोंबडीचं पिल्लू धरावं तशी धरली. फूल आलं. कोपर वर गेलं, हात फिरला, तळवा बाहेर वळला आणि फूल लागताना बोटं आवळली. गोफणीत शेवटी बोट सुटतं, इथं आवळतं. फरक काय तो एवढाच. पहिली दोन फुलं बाहेर गेली. तिसरं समोरच्याच्या पायाशी पडलं. आवाजसुद्धा वेगळा आला, कोरडा, टणक.

एका दिवसात त्याच्या दंडात रतीभर बळ वाढलं नव्हतं. मुठीत कोंडलेलं होतं, ते वाटेला लागलं.

रात्री आबांनी विचारलं, "खांदा दुखतोय का?"

"नाही."

"मग उद्याच्याला राखणीला तूच जा," म्हणत त्यांनी गोफण त्याच्या उशाशी ठेवली.