आधी फोन आपणच करावा



'द वे' नावाचा २०१० सालचा एक इंग्रजी चित्रपट आहे. टॉम हा अमेरिकेतला डोळ्यांचा डॉक्टर. मुलगा डॅनियल शिक्षण अर्धवट टाकून जग बघायला निघतो. बापाला ते पटत नाही, दोघांत अंतर पडतं. स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेला निघालेला मुलगा पिरेनीज पर्वतात वादळात सापडून जातो. त्याला न्यायला फ्रान्सला आलेला बाप मग मुलाचीच सॅक पाठीला लावतो आणि त्याची रक्षा जागोजागी ठेवत सुमारे ८०० किलोमीटर चालतो. चालता चालता त्याला आपला मुलगा कळतो. पण 'कळलास रे' म्हणायला समोर मुलगा नसतो.

वारीत आपण अनोळखी माणसालाही 'माउली' म्हणून वाकतो. आणि परदेशातल्या स्वतःच्या लेकराशी अबोला! "त्यानं आधी करावा फोन," म्हणून अडून बसतो. हा अहंकारच ना? तो सुटत नसेल तर हातातली माळ नुसतीच फिरते.

टॉमला उशीर झाला. आपल्याला अजून झालेला नाही. आज सायंआरतीआधी एक फोन लावू या. चूक कोणाची, ते मात्र काढायचं नाही.

जय गुरुदेव!