घराची पडझड आणि माणसाची अडचण



सामान्य काळातील तेविसाव्या रविवारच्या शुभवर्तमानात (लूक १४:२५-३३) प्रभू येशू एक अगदी व्यवहारी प्रश्न विचारतो. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का? पाया घातला आणि पैसे संपले, तर येणारे-जाणारे हसतील. प्रभू सुताराच्या घरात वाढला. लाकूड, माती आणि मजुरी यांचा हिशेब त्याला परका नव्हता.

आपल्या सोनगीरला बुरूज म्हटले की वरचा किल्ला आठवतो. नवा बुरूज बांधायला आता कोणी निघत नाही. घराचा प्रश्न मात्र आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभा आहे. वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत राहिलेली कुटुंबे चार पैसे साठले की जुने घर पाहू लागतात. गावातली कितीतरी धाब्याची घरे, सागवानी खांबांची आणि रुंद मातीच्या भिंतींची, मालक धुळ्याला, नाशिकला किंवा सुरतेला गेल्यामुळे कुलूप लावून पडली आहेत. घर पसंत पडते, पण दुरुस्ती मोठी असते. मग प्रश्न येतो, "फादर, किती बोलू?"

हा प्रश्न धर्मगुरूला कशाला विचारायचा, तो दलालाला विचारावा, असे कोणी म्हणेल. पण सातवी आज्ञा बाजारालाही लागू आहे. बेन सिराच्या ग्रंथात (२७:२) एक नेमकी उपमा आहे: दोन दगडांच्या सांध्यात खुंटी घट्ट बसावी, तसे खरेदी आणि विक्री यांच्या मध्ये पाप शिरून बसते. म्हणून या रविवारी आपण या सांध्याकडेच पाहू या.

पहिली गोष्ट: आधी बसून हिशेब करावा.

लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात बुरशी धरलेल्या घराविषयीचे नियम आहेत. भिंत पाहायला याजक येतो, घर सात दिवस बंद ठेवतो आणि पुन्हा पाहतो. खराब दगड काढायचे, गिलावा खरवडायचा, नवे दगड आणि नवा गिलावा घालायचा, आणि तरीही बुरशी परतली तर घर पाडायचे. आजकाल भिंत पाहायला कोणी फादरांना बोलावत नाही, आणि आम्हाला त्यातले कळतही नाही. जाणत्या मिस्त्रीला न्यावे. धाब्याचे घर असेल तर शक्यतो पावसाळ्यात पाहावे, कारण पावसाळ्यात घर खरे बोलते. धाब्यावर वेळेवर खारी माती पडली होती का, पाणी कोठून मुरते, भिंतीला फुगा आला आहे का, तुळयांची भिंतीत गेलेली टोके वाळवीने पोखरली आहेत का, हे सारे तेव्हा दिसते.

मग आकडे मांडावेत. समजा, त्याच गल्लीत तेवढ्याच खणांचे, दुरुस्त केलेले घर १२ लाखांना विकले गेले. आपण पाहतो त्या घराला मिस्त्रीने ४ लाखांचा खर्च सांगितला. जुनी भिंत उकरली की आणखी काहीतरी निघतेच, त्यासाठी ६० हजार बाजूला ठेवले. काम संपेपर्यंत सहा महिने भाडे द्यायचे, महिना ४ हजारांप्रमाणे २४ हजार. हे सर्व वजा केले की ७ लाख १६ हजार उरतात. म्हणजे त्या घराची आजची किंमत सात लाखांच्या आसपास धरावी. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि वकिलाचा खर्च वेगळा, तोही आपल्याच खिशातून जायचा असतो.

हा आकडा बोलणी करायला जाण्यापूर्वी नवरा-बायकोने मिळून कागदावर लिहावा. त्याच्या वर जायचे नाही असे ठरवावे. भाऊबंदाने घर घेतले म्हणून ईर्ष्येने बोली वाढवणे, बायकोचे दागिने गहाण टाकणे, मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यात घालणे, आणि मग पैसे संपले म्हणून गवंड्याची मजुरी अडवून ठेवणे, हे सगळे प्रभूने सांगितलेल्या अर्धवट बुरुजाचेच प्रकार आहेत. फार वर बोलण्यातही पाप असू शकते, कारण त्याची किंमत घरातली लेकरे मोजतात.

दुसरी गोष्ट: घराची पडझड कापावी, माणसाची अडचण कापू नये.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. घर विकणारी एक विधवा आजी आहे. मुलगा दवाखान्यात आहे आणि तिला आठवड्यात पैसे हवे आहेत. आपल्याला हे कळले आहे. आपण पाच लाख म्हटले तर ती "हो" म्हणेल. आपल्या हिशेबाने घर सात लाखांचे आहे. मधले दोन लाख कशाचे? ते भिंतीच्या फुग्याचे नाहीत, वाळवीचे नाहीत, धाब्याचे नाहीत. त्या सर्वांचे पैसे आपण आधीच वजा केले आहेत. ते दोन लाख तिच्या मुलाच्या आजारपणाचे आहेत. तिच्या आजारी मुलाच्या खाटेवरून आपण ते उचलतो.

"पण ती स्वतःच हो म्हणाली ना?" असे आपण म्हणतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयी लिहिलेल्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात नेमके याच सबबीला उत्तर दिले. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही होईल या भीतीने कामगाराने तुटपुंजी मजुरी मान्य केली, तरी त्याच्यावर अन्याय झालेलाच असतो. मजुरीला जे लागू, तेच घराला लागू. आणि कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४०९) दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा हलाखीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे सातव्या आज्ञेच्या विरुद्ध मानतो. हलाखीचा फायदा घेऊन किंमत पाडणे ही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका'मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न लिहिला (भाग २-२, प्रश्न ७७). त्यातली तीन सूत्रे आपल्या कामाची आहेत. पहिले, न्याय्य किंमत गणितासारखी काटेकोर नसते, तो अंदाज असतो, त्यामुळे थोडे कमी-जास्त झाल्याने न्याय बिघडत नाही. म्हणजे पावणेसात की सव्वासात, अशी घासाघीस करणे पाप नाही. दुसरे, विकणारा पितळ समजून सोने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्यायाची ठरते आणि त्याने भरपाई केली पाहिजे. आपल्या गावाच्या नावात सोने आहे आणि बाजारात पितळ, तेव्हा हे उदाहरण आपल्याला सांगावे लागू नये. पुढच्या गल्लीतून मोठा रस्ता जाणार हे आपल्याला कळले आहे आणि आजीला नाही, किंवा खांबांचे सागवानच दीड लाखाचे आहे हे आपल्याला दिसते आणि तिला नाही, तर आपण तोंड मिटून बसायचे का? तिसरे, घेतलेल्या वस्तूचा ज्याला फार मोठा लाभ होतो, त्याने आपणहून थोडे जास्त दिले तर तो त्याचा चांगुलपणा.

आपल्या देशाचा कायदाही येथे मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की, साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. तेच कलम घेणाऱ्यालाही सांगते की, विकणाऱ्याच्या हक्काविषयीची, किंमत बरीच वाढवणारी एखादी गोष्ट आपल्याला माहीत असेल आणि त्याला नसेल, तर ती उघड करावी. तेव्हा आपल्यापैकी जे घर विकणार आहेत त्यांनीही ऐकावे: पोखरलेल्या तुळईवर रंग मारून घर दाखवणे हीसुद्धा चोरीच आहे.

तांबटाकडे जुने पातेले नेले की तो पोचे पाहतो, बूड किती झिजले ते पाहतो, आणि तराजूत टाकून मोडीचा भाव सांगतो. पातेले आणणाऱ्या बाईच्या डोळ्यांतले पाणी तो तराजूत टाकत नाही. घर घेताना आपणही तेवढेच करावे. नीतिसूत्रांत (२०:१४) एक गिऱ्हाईक दिसते, जे वस्तू घेताना तिला नावे ठेवते आणि घरी जाताना फुशारकी मारते. दोष असेल तो बोट ठेवून दाखवावा. नसलेला दोष लावू नये.

तिसरी गोष्ट: होकार मोकळा असावा आणि व्यवहार उघड असावा.

याच रविवारच्या दुसऱ्या वाचनात संत पौल अनेसिमला फिलेमोनकडे परत पाठवतो. त्याला तो स्वतःजवळ ठेवून घेऊ शकला असता. पण फिलेमोनच्या संमतीशिवाय काही करायचे नाही, त्याचा चांगुलपणा जुलमाचा नसावा, खुशीचा असावा, असे पौल लिहितो. आकडा सांगितल्यावर समोरच्याला चार दिवस द्यावेत. "आत्ताच इसार घ्या, नाहीतर मी चाललो," असा धाक घालू नये. तिला लेकीशी, भावाशी, शेजाऱ्याशी बोलू द्यावे. आणि सही करणाऱ्या भावाइतकाच बहिणीचाही विचार करावा. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि हिंदू कुटुंबांतील वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतका हक्क दिला आहे. बहिणीला डावलून स्वस्तात मिळालेले घर स्वस्त नसते.

यिर्मया संदेष्ट्याची खरेदी आठवावी (अध्याय ३२). यरुशलेमला शत्रूचा वेढा पडला होता आणि संदेष्टा स्वतः कैदेत होता. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला आला. वेढ्यातल्या शेताला कोण गिऱ्हाईक मिळणार? यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बोलावले, खरेदीखत लिहून त्यावर शिक्का केला, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या. भावाच्या अडचणीत भाव पाडल्याचा शब्दही तेथे नाही. आपणही पूर्ण रक्कम खरेदीखतात लिहावी. अर्धी कागदावर आणि अर्धी हातात, अशी वाटणी करू नये.

आता एक खरा प्रश्न उरतो. आपल्याजवळ पाचच लाख असतील तर? गरीब माणसाने घर घ्यायचेच नाही का? घ्यावे. पण खरे सांगावे: "आजी, घर सात लाखांचे आहे, माझी ऐपत पाचची आहे. दुसरे गिऱ्हाईक मिळाले तर जरूर त्याला द्या." काही रक्कम पुढे हप्त्याने देता येईल का, तेही विचारावे, आणि ठरले तर ते लिहून द्यावे. खरे सांगूनही तिने विचार करून आपल्यालाच घर दिले, तर ते तिचे दान समजावे आणि विसरू नये. नाही दिले, तर हात जोडून निघावे. घर हुकल्याने आत्मा हुकत नाही.

त्या शुभवर्तमानाचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. हिशेब करायला शिकवून प्रभू शेवटी म्हणतो की, सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही. पहिल्या वाचनात (ज्ञानग्रंथ ९:१३-१८) आपल्या या देहालाच मातीचा तंबू म्हटले आहे. खान्देशातल्या माणसाला मातीच्या घराविषयी काही सांगायला नको. ते दरवर्षी सारवावे लागते, धाब्यावर माती टाकावी लागते, आणि तरी एक दिवस ते सोडावे लागते. जे सोडून जायचे आहे, त्यासाठी कोणाच्या तळतळाटाचे धनी व्हावे?

घर घेतल्यावर तुम्ही आम्हाला आशीर्वादाला बोलवाल. आम्ही पवित्र पाणी घेऊन जरूर येऊ. त्या दिवशी घराच्या जुन्या मालकिणीलाही बोलवावे. ती ओसरीवर बसून आनंदाने चहा पिऊ शकली, तर आपण योग्य तेच बोललो होतो असे समजावे.

घर बांधणाऱ्यांच्या, घेणाऱ्यांच्या आणि नाइलाजाने विकणाऱ्यांच्या पाठीशी नाझरेथचे पवित्र कुटुंब राहो. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
धर्मगुरू